देवगिरी तांब्यावर उतरवताना

देवगिरीचा डोंगर लांबून पाहिला की आधी नजरेत भरतो तो त्याचा कमरेखालचा भाग. वरचा उतार दख्खनमधल्या कुठल्याही डोंगरासारखाच आहे, थराथरांचा आणि झुडपांचा. खाली मात्र चहूबाजूंनी कातळ सरळ उभा तासलेला. सुमारे ५० मीटरचा हा कडा निसर्गाचा नाही. यादवांच्या काळात छिन्नी-हातोडे घेऊन माणसांनी डोंगराचा पायथाच कापून काढला, चढणाऱ्याला कुठे बोट टेकवायला जागा राहू नये म्हणून. इथली तटबंदी दगडावर दगड रचून तर झालीच, पण तिचा सगळ्यात भक्कम भाग दगड काढून टाकल्यामुळे उभा राहिला आहे.

एचिंग करणाऱ्याला, म्हणजे धातूच्या पत्र्यावर (प्लेटवर) आम्लाने रेघा कोरून त्याचे छाप घेणाऱ्याला, ही गोष्ट लगेच जवळची वाटते. कागदावर जे काळं उमटतं, ते प्लेटवर धातू गेलेल्या जागी शाई बसल्यामुळे. रेघ म्हणजे एक खंदकच. खोल असेल तेवढी शाई जास्त धरणार.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते, आणि शिकताना ती सगळ्यात उशिरा हाताला कळते. पेन्सिल दाबली की रेघ गडद होते. एचिंगची सुई दाबून काहीही होत नाही. सुईने फक्त मेणाचा पातळ थर खरवडायचा असतो, खालचं तांबं उघडं पाडायचं असतं. पुढचं काम आम्लाचं. पाच मिनिटं आम्लात राहिलेली रेघ धुरकट डोंगर होते, तासभर राहिलेली बुरुजाची सावली. म्हणून किल्ल्याच्या एचिंगमध्ये लांब-जवळ हे हातावर ठरत नाही, घड्याळावर ठरतं. अंतर म्हणजे मिनिटं.

हे तंत्र चित्रकारांकडे आलं तेच मुळी चिलखतं करणाऱ्यांकडून. लोखंडावर आम्लाने नक्षी चावून काढायची हे त्यांचं काम, आणि जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या डानिएल होप्फरने १५०० च्या आसपास तेच लोखंडी पत्र्यावर करून त्याचे कागदावर छाप घेतले. पुढे १५२० च्या सुमारास आल्ब्रेख्ट आल्टडॉर्फरने नऊ निसर्गचित्रं एच केली. डोंगर, सूचिपर्णी झाडं, मध्येच एखादा किल्ला; त्या काळात निव्वळ भूदृश्याला चित्राचा विषय मानणं हीच मोठी गोष्ट होती. पण त्याचं सगळं काम एकाच चाव्यात, म्हणजे प्लेट आम्लात एकदाच बुडवून, झालेलं आहे. सगळ्या रेघा सारख्या खोल. लांबचा डोंगर लांब दिसावा म्हणून त्याच्या हातात एकच उपाय होता, रेघा विरळ ठेवायच्या. पुरेशा चावलेल्या रेघा टप्प्याटप्प्याने झाकत जाऊन वेगवेगळ्या खोलीच्या रेघा काढणं सतराव्या शतकात झाक कालोने पक्कं केलं. वेढा पडलेली शहरं आणि त्यांचे तट यांची त्याची प्रचंड चित्रं पाहिली की समजतं, पुढचा सैनिक आणि मागचा तट यांच्यामधला कोसभराचा अवकाश केवळ चाव्यातल्या फरकाने उभा राहिला आहे.

आपल्याकडचे किल्ले या तंत्रात आले ते ॲक्वाटिंटमधून, म्हणजे राळेच्या कणांमधून आम्ल चावू देऊन रेघेऐवजी छटा देण्याच्या पद्धतीतून. विल्यम हॉजेसने १७८५ ते १७८८ मध्ये ग्वाल्हेर, चुनार वगैरेंचे ॲक्वाटिंट काढले, आणि कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी रॉबर्ट ग्रिंडले याच्या १८२६ ते १८३० च्या चित्रसंचात दौलताबाद, म्हणजे आपली देवगिरीही आहे. या चित्रांचा सराईतपणा नाकारायचं कारण नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या छटांमध्ये आपला कातळ मऊ पडतो. ॲक्वाटिंटमध्ये धुकं सुरेख येतं, पाऊस सुरेख येतो, बेसाल्ट येत नाही. बेसाल्ट रेघ मागतो. आधी रेघेने हाडं उभी करायची, मग छटा, तीही हात राखून.

स्केच करायला डोंगर केव्हा गाठायचा, हेही यावरूनच ठरतं. श्रावण-भाद्रपदात तो देखणा असतो, पण गवताने सगळे थर बुजवलेले असतात. फाल्गुन-चैत्रात गवत वाळून बसतं, सीताफळीच्या झुडपांची पानं झडतात आणि लाव्हाचे आडवे थर एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांसारखे मोकळे होतात. ऊन डोंगराच्या बाजूने घासत यायला हवं. समोरून पडलेल्या उन्हात तासलेला कडा सपाट पुठ्ठ्यासारखा दिसतो. तिरप्या उन्हात छिन्नीने तासलेलं अंग खडबडीत उठून येतं. सावली वीस-पंचवीस मिनिटांत सरकते, म्हणून आधी सावल्यांच्या कडा टिपून घ्याव्यात, बाकीचं नंतर. फोटो जरूर काढावा, पण त्यावरून काम करू नये. फोटोत सावलीचा एकच काळा गठ्ठा होतो आणि त्यात किती मिनिटांचे किती टप्पे दडलेत ते कळत नाही.

मापाचा हिशोब कागदावर करून ठेवावा. प्लेट ३५ बाय २५ सेंटिमीटरची, आडवी. डोंगराची उंची सुमारे २०० मीटर, ती चित्रात १६ सेंटिमीटर धरली तर तासलेला कडा येतो ४ सेंटिमीटर. वर आकाशाला पाच, खाली जमिनीला चार. या मापात माणूस फार तर दीड मिलिमीटरचा. दोन ठिपके आणि खाली एक बारीक सावली, बस्स. डोंगर आणखी उंच, आणखी सुळक्यासारखा करायचा मोह होतो. जुन्या विलायती चित्रकारांनाही तो झालेला दिसतो. तसं केलं की कडा आणि वरचा उतार यांचं एकास तीनचं नातं मोडतं आणि देवगिरीचा कुठलाही एक डोंगर होतो. तो दीड मिलिमीटरचा माणूस खरा ठेवला तर उंची आपोआप येते.

चाँद मिनार हा या दृश्यातला दुसरा उभा आकार. पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला. डोंगर रुंद बैठकीचा आणि मिनार सडपातळ, त्यामुळे चित्राचा तोल या दोघांमध्येच ठरतो. आणि इथेच उलटापालटीची चूक होते. प्लेट छापली की डावं उजवीकडे जातं. मिनार डोंगराच्या उजवीकडे दिसत असेल तर प्लेटवर तो डावीकडे हवा. झाड-दगडांचं चित्र उलटं छापलं गेलं तर कुणाला कळत नाही, पण रोज ज्या वाटेने लोक आत जातात त्या किल्ल्याचं उलटं चित्र गावातला शाळकरी पोरही ओळखतो. सोपा मार्ग असा: ट्रेसिंग कागदावर ४बी पेन्सिलने सुलट रेखाटन करायचं, ते तोंड खाली करून ग्राउंड (सुईने खरवडायचा तो मेणाचा थर) दिलेल्या प्लेटवर ठेवायचं आणि हलक्या दाबाने प्रेसमधून काढायचं. शिशाची चमकती रेघ ग्राउंडवर उलटी उमटते. छापताना ती सुलट होते.

प्लेट तांब्याची घ्यावी, एक ते दीड मिलिमीटर जाडीची. कॉलेजांत बहुतेक झिंक प्लेट वापरतात, स्वस्त पडते आणि लवकर चावली जाते. पण झिंकवर नायट्रिक ॲसिड रेघेच्या कडा कुरतडतं, आणि थर, चिरेबंदी, सज्जे असलेल्या विषयाला धारदार कड लागते. चारही कडा कानशीने ४५ अंशांत तासून घ्यायच्या, नाहीतर प्रेसमध्ये कागद फाटतो आणि प्रेसमधल्या फेल्टला (लोकरी कापडाला) कायमचा चर पडतो. मग ४००, ८००, १२०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत, शेवटी ब्रासो. चिकटपणा काढायला खडूची पूड आणि अमोनिया. धुतल्यावर पाणी प्लेटवर सलग पसरलं पाहिजे. कुठे थेंब थेंब होऊन तुटलं तर तिथे तेलाचा अंश राहिला आहे, आणि बरोबर तिथलंच ग्राउंड पुढे सुटणार.

हार्ड ग्राउंड घरी करता येतं: मधमाश्यांचं मेण दोन भाग, बिट्युमेन दोन भाग, राळ एक भाग. प्लेट गरम करून रोलरने पातळ थर द्यायचा. धूर यायला लागला म्हणजे ग्राउंड जळलं. ते थंड झाल्यावर सुईखाली कपच्या उडतात. थर जाड झाला तर रेघ तुटक येते, फारच पातळ झाला तर आम्ल आरपार जाऊन बारीक खड्डे पडतात. थर जमला की प्लेट उलटी धरून खालून मेणवातींची काजळी द्यायची. प्लेट काळी कुळकुळीत होते आणि त्यावर काढलेली प्रत्येक रेघ तांब्याची झळाळते. डोळ्याला हे काही दिवस फसवतं, कारण जिथे चित्रात गडद अंधार यायचा तिथे प्लेट सगळ्यात जास्त चमकत असते.

रेघांची दिशा कातळानेच सांगितलेली आहे. वरच्या उतारावर आडव्या, थोड्या तुटक, थराला थर भिडतो तिथे किंचित दाट. कड्यावर उभ्या, पण पट्टीने ओढल्यासारख्या नकोत. छिन्नीचं काम हाताचं असतं, रेघेतही हात दिसू द्यावा. तटाच्या भिंतीचा एकेक चिरा काढत बसलं की भिंत खिडकीच्या जाळीसारखी दिसते. दहा चिऱ्यांमागे दोन-तीन पुरे, तेही सावलीच्या कडेला. मिनाराच्या गोल अंगावर वळणाऱ्या आडव्या रेघा सावलीच्या बाजूने सुरू करायच्या आणि उजेडाकडे येईपर्यंत सोडून द्यायच्या. तो उजेडाचा उभा पट्टा मोकळा राहिला तरच मिनार गोल होतो.

आता आम्ल. तांब्यासाठी ४० ते ४२ बॉमेचं (बॉमे म्हणजे द्रावणाची घनता मोजायचं माप) फेरिक क्लोराइड. नायट्रिकसारखा वायू निघत नाही आणि रेघ सरळ खाली चावली जाते. फक्त गाळ रेघेत बसून चावा थांबतो, म्हणून प्लेट तोंड खाली करून, कोपऱ्यांना टेकू देऊन ठेवायची, किंवा उभ्या टाकीत सोडायची. आकाशाची मोकळी जागा, प्लेटची पाठ आणि कडा लाखेच्या व्हार्निशने झाकलेल्या हव्यात. साधारण २५ अंश तापमानाला हिशोब असा धरावा: पहिली ५ मिनिटं सगळ्या रेघांना. मग प्लेट धुऊन, वाळवून क्षितिजावरचे डोंगर झाकायचे. एकूण १३ मिनिटं झाली की वरचा उतार झाकायचा. २५ ला कड्याचा उजेडातला भाग आणि मिनार. ४५ ला कड्याची सावली आणि तटाचा बराचसा भाग. उरलेल्या मोजक्या रेघा, दरवाज्यांच्या कमानींतला अंधार आणि पुढच्या बुरुजाचा पायथा, ७५ मिनिटांपर्यंत. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी हेच आकडे खूप खाली येतात, डिसेंबरच्या सकाळी वर जातात. म्हणून कडेच्या पट्टीवर चाचणी घेतल्याशिवाय मुख्य प्लेट बुडवू नये. झिंक आणि नायट्रिक वापरणाऱ्याने एक भाग ॲसिडला आठ ते दहा भाग पाणी घ्यावं, नेहमी पाण्यात ॲसिड ओतावं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि रेघांवर चढणारे बुडबुडे पिसाने हलवत राहावं.

या सगळ्यात चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा त्या ४ सेंटिमीटरच्या कड्यातच. कडा काळाभोर हवा असतो, म्हणून रेघा अगदी जवळजवळ ओढल्या जातात आणि वर पाऊण तास आम्लही दिलं जातं. आम्ल खाली जातं तसं थोडं बाजूलाही सरकतं. दोन रेघांमध्ये अर्धा मिलिमीटरही अंतर नसेल तर मधली तांब्याची भिंत दोन्हीकडून पोखरली जाते आणि ढासळते. दहा-बारा रेघांच्या जागी एक रुंद, सपाट खड्डा होतो. वाटतं, आता तर खूप शाई बसेल. पण सपाट खड्ड्यात शाईला धरून ठेवणारं काही नसतं. पुसताना कापड ती सगळी उचलून नेतं आणि सगळ्यात काळ्या जागी राखाडी चट्टा छापला जातो, फक्त त्याच्या कडा काळ्या. भिंगातून पाहिलं की लगेच कळतं: रेघांचा तळ अरुंद दिसण्याऐवजी उजळ, दाणेदार मैदान दिसतं. उपाय दोनच. आधीच रेघांमध्ये जवळपास एक मिलिमीटर सोडून, पहिल्या चाव्यानंतर पुन्हा ग्राउंड देऊन मधल्या जागेत हलक्या रेघा भरायच्या. किंवा झालेल्या खड्ड्यावर राळेची पूड टाकून ॲक्वाटिंट द्यायचा, म्हणजे त्या सपाट तळाला पुन्हा शाई धरणारा खरखरीतपणा येतो. दुसरा मार्ग कड्याला शोभूनही दिसतो, पण सवय पहिल्याचीच लावावी.

आकाशाचा त्रास याच्या उलट. तिथे काहीच नको असतं, आणि तिथेच काहीतरी येतं. ग्राउंडमधल्या एखाद्या धुळीच्या कणामुळे पडलेला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा छापल्यावर घारीएवढा दिसतो. उथळ असेल तर बर्निशरवर, म्हणजे धातू घासून गुळगुळीत करायच्या हत्यारावर, तेलाचा थेंब घेऊन घासून बसवता येतो. खोल असेल तर आधी स्क्रेपरने आजूबाजूचं तांबं पसरट तासायचं, मग घासायचं; नुसता खड्डाच घासत राहिलं तर तिथे वाटी होते आणि वाटीत शाई साचते. काही ठिपके घारी म्हणून राहू द्यावेत असं काही जण म्हणतात. राहू द्यावेत, पण दोनाहून जास्त नकोत.

ॲक्वाटिंटसाठी राळेचे कण प्लेटचा निम्म्याहून थोडा जास्त भाग झाकतील इतके पडू द्यायचे. मग खालून उष्णता द्यायची. पांढरी पूड पारदर्शक झाली की लगेच थांबायचं. जास्त तापवलं तर कण एकमेकांत मिसळून आम्लाला वाटच उरत नाही, कमी तापवलं तर पाण्याने धुतानाच निघून जातात. हवेत राळेची धूळ असताना जवळपास ज्योत नको, तोंडावर मास्क हवा. या प्लेटला फक्त तीन छटा पुरतात: लांबच्या डोंगरांना अर्धा मिनिट, डोंगराच्या सावलीच्या बाजूला दोन मिनिटं, पुढच्या जमिनीला पाच. आकाश कोरंच ठेवावं. दख्खनच्या उन्हाळ्यातलं आकाश हे कोऱ्या कागदासारखंच असतं.

पुढच्या जमिनीसाठी एक छोटी युक्ती. खाली उजव्या-डाव्या कोपऱ्यांत सॉफ्ट ग्राउंड (मऊच राहणारा, दाबाने उचलला जाणारा थर) देऊन त्यावर वाळलेलं गवत ठेवायचं आणि प्रेसमधून काढायचं. काडी न् काडी उमटते. मोह आवरून ती जागा दोन-तीन सेंटिमीटरपुरतीच ठेवावी. खरं गवत खऱ्या मापात आलं की दीड मिलिमीटरचा माणूस त्यापुढे खोटा वाटायला लागतो.

कागद २५० ते ३०० ग्रॅमचा, सुती, अर्धा तास भिजवून टिपकागदात टिपलेला. वर ओल जाणवावी पण पाणी चमकू नये. शाई काळीत थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) घालून, कारण आपला कातळ निळसर काळा क्वचितच दिसतो, उन्हात तर तो तपकिरीकडे झुकतो.

इतकं सगळं करून एक गोष्ट या प्लेटवर येत नाहीच: खंदक. तो कातळातच खोदलेला आहे आणि तटांच्या आत आहे. रस्त्यावरून डोंगर पाहताना त्याचा मागमूस लागत नाही. अंबरकोट, महाकोट, काळाकोट हे तीन तट ओलांडून गेल्यावर अचानक पायाखालची जमीन संपते. मोठ्या चित्रात तो उगाच दाखवू नये. त्याच्यासाठी दुसरी, लहान प्लेट करावी, १५ बाय २० सेंटिमीटर, उभी. समोर तासलेला कातळ कागदाच्या वरच्या कडेपर्यंत, आकाश नाहीच, खाली अंधार, आणि त्या अंधारावरून आडवा गेलेला अरुंद पूल. पलीकडे अंधारीचा बोगदा सुरू होतो.

इथे घड्याळाचा नियमच बदलतो. लांबचं असं काही नाही, म्हणून पाच मिनिटांची रेघही नाही. ३० पासून सुरुवात, खंदकाच्या तळाला ९० पर्यंत, मग त्यावर १५ मिनिटांचा ॲक्वाटिंट. पूल म्हणजे फक्त सहा मिलिमीटर रुंदीचा कोरा पट्टा. त्यावर व्हार्निशचे दोन हात द्यायचे, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा, आणि प्रत्येक वीस मिनिटांनी प्लेट बाहेर काढून भिंगाने त्याच्या कडा पाहायच्या. इथे व्हार्निश एकदा सुटलं की पूल गेला. तो पुन्हा आणायचा तर शेजारचं तांबं तासून, मागून हलके ठोके देऊन जमीन वर उचलावी लागते.

छापतानाही या प्लेटची पुसणी वेगळी. मोठ्या प्लेटला शेवटी खडू लावलेल्या तळहाताने स्वच्छ पुसावं, म्हणजे ऊन येतं. हिला जाळीच्या कापडावरच थांबवावं, सगळीकडे शाईचा पातळ पडदा राहू द्यावा. मग कापसाचा बोळा काडीला गुंडाळून पूल तेवढा पुसायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच. परत मागे फिरवला तर बोळ्यावरची शाई पुलावर येते. वीस प्रतींची आवृत्ती असेल तर वीस वेळा, दर वेळी नवा बोळा.